वजनाच्या दिवशीची विजार

सिग्वाल्डच्या रोजच्या, पँटच्या आत घालायच्या लोकरी विजारी घरात असत, त्याच्या बायकोच्या, तूरिदच्या कपाटात, घड्या घालून. ही एक मात्र होडीघरात, जुन्या जाळ्यांच्या मागे खिळ्याला टांगलेली. वजनाच्या दिवशी ती अंगात चढायची आणि संध्याकाळी गुपचूप परत खिळ्यावर जायची. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला त्याने जाड कापडाचे चोरखिसे शिवले होते, जाळं सांधायच्या दोऱ्याने, आणि त्यांत जाळं बुडावं म्हणून त्याला लावायची शिसं भरली होती. वरच्या पँटवर उठून दिसू नयेत म्हणून हातोडीने ठोकून भाकरीसारखी चपटी केलेली.

आज त्याने आणखी एक तुकडा आत सरकवला आणि खिशाच्या तोंडाला पिन लावली. बाहेर मार्चचं ऊन बर्फावर चकाकत होतं, पण होडीघरात दिवसाही चाचपडावं लागे. विजार चढवताना त्याला एका पायावर उभं राहता येईना. चार महिन्यांपूर्वी हाच माणूस डोलत्या होडीत उभ्याने बूट घालायचा. त्याने भिंतीला पाठ लावली, कसाबसा दुसरा पाय आत घातला आणि स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता. केमोचे सगळे हप्ते संपले होते आणि येत्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. सर्जन विग्दिसने पहिल्याच भेटीत, इथल्या रिवाजाप्रमाणे, आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "सिग्वाल्ड, मला दोन गोष्टी हव्यात. पायांत आणि छातीत दम, आणि अंगावर मांस. वजन सत्तर किलोच्या खाली गेलं तर मी चाकू उचलणार नाही. पुढं ढकलू."

पुढं ढकलू. बाकी सगळं सिग्वाल्ड विसरला, तेवढा शब्द त्याच्या मनात घर करून बसला. त्याचा चुलतभाऊ हिल्मार, ज्याच्याबरोबर त्याने तीस वर्षं एका होडीत काढली, त्याचंही ऑपरेशन असंच पुढं ढकललं होतं. मग आणखी एकदा. मग त्याबद्दल कोणी बोलेनासंच झालं, आणि उन्हाळ्यात हिल्मारला पुरून आले. तेव्हा पुढं ढकलणं म्हणजे काय, हे सिग्वाल्डला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दमाचं त्याने मनावर घेतलं होतं. फिजिओ सिन्ने म्हणाली होती, रोज अर्धा तास चाल किंवा वल्हव, दिवसाआड पायांचे आणि हातांचे व्यायाम कर, आणि प्रत्येक वेळी लगेच काहीतरी खा. सिग्वाल्डने अर्ध्याचा तास केला आणि तासाचे दोन. केमोच्या आठवड्यातसुद्धा तो छोटी होडी वल्हवत बंदरासमोरच्या खडकाला वळसा घालून यायचा, दीपगृहाच्या पायऱ्या चढायचा. त्याच्या बेटावरची माणसंही अशी, की वाऱ्यात जाऊन अंग मोडून आलं म्हणजे मूळव्याधीपासून दुःखापर्यंत सगळं बरं होतं अशी प्रत्येकाची पक्की समजूत. धक्क्यावर त्याचं नुसतं कौतुक चाललेलं. "सिग्वाल्डला काही होत नाही हो, बघा कसा वल्हवतोय." तो काय खातोय, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आणि खाण्याचाच सगळा घोटाळा होता. घास खाली उतरायचा, पण तोंडात पत्रा चघळल्यासारखा लागायचा, आणि चौथ्या घासाला पोट वर यायचं. तूरिद साय घालून माशाचं सूप करी, कॉड माशाचं काळीज आणि गाभोळी उकडून देई. तो वाडगा उचलून म्हणे, "होडीघरात काम पडलंय, तिथंच खातो." त्या हिवाळ्यात त्यांच्या धक्क्यावरचे समुद्रपक्षी त्या जेवणावर बदकांएवढे झाले.

सिन्ने म्हणाली होती दोन्ही कर. त्याने जमणारं दुप्पट केलं आणि न जमणारं शिशाने भरून काढलं.

हॉस्पिटलला जायच्या बोटीत तूरिद त्याच्या समोर बसली आणि विणकाम काढलं. ती आधीच अबोल बाई, आणि या आजारपणात तर तिच्या तोंडातून मोजकेच शब्द निघायचे.

"अंडं खाल्लंस?"

"खाल्लं."

"कोंबडीला विचारू का?"

"तू काय माझ्यावर पहाऱ्याला बसलीयस?"

"कोणीतरी बसायला हवं, घोड्या."

तो हसला. तिने मान खाली घातली आणि सुया चालवत राहिली. बोट धक्क्याला लागली तेव्हा तो उठायला गेला, तर ती पटकन म्हणाली, "सावकाश ऊठ." नंतर त्याला आठवलं, की सावकाश हा शब्द तिने लग्नाच्या एवढ्या वर्षांत कधी त्याच्यासाठी वापरला नव्हता. त्या वेळी मात्र त्याचं सगळं लक्ष मांड्यांवर होतं.

हॉस्पिटलात नर्सने बूट आणि जाकीट काढायला सांगितलं. स्वेटरही. मग पँटचा पट्टाही काढ म्हणाली. पँट खाली घसरली तर संपलंच. तो दोन्ही हातांनी कमर धरून काट्यावर चढला, गुन्हेगारासारखा. आकडे पळाले, थांबले, परत पळाले.

"सत्तर आणि थोडं वर," नर्स म्हणाली. "छान टिकवलंयस."

तूरिद खिडकीतून बाहेर बघत होती. सिग्वाल्ड खाली उतरला आणि त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. गुरुवार. आता फक्त गुरुवार.

तेवढ्यात दारात सिन्ने उभी. धिप्पाड, लालबुंद गालांची, सतत घाईत असलेली पोरगी. "चल रे म्हाताऱ्या. दमाची परीक्षा."

"सायकलवर ना?" त्याने मागच्या वेळी सायकल चालवली होती. सायकलवर बसलेल्या माणसाचं वजन सायकल सोसते, हे त्याच्या लक्षात होतं.

"सायकल मोडलीय. आज जिना. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत, न थांबता. तू तर दीपगृह चढतोस, तुला काय त्याचं?"

"न थांबता म्हणजे?"

"म्हणजे थांबलास तर विग्दिस गुरुवारी तुला हात लावायची नाही."

त्याने विचार केला, संडासात जाऊन काढून टाकावं. पण टाकायचं कुठं? कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर डब्याचा तळ निखळायचा. जाकीट तूरिदच्या हातात. आणि वर पोहोचल्यावर विग्दिसने पुन्हा काट्यावर उभं केलं तर? सिन्नेने तोवर त्याच्या बोटाला नाडीचा चिमटा लावलाही होता. मग त्याच्यातला जुना कोळी जागा झाला. आयुष्यभर ओल्या जाळ्यांचे ढीग ओढले, चार किलो शिशाचं काय घेऊन बसायचं.

"मी वर थांबते," तूरिद म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

पहिला मजला त्याने झोकात चढला. सिन्ने शेजारून चालत होती, एक डोळा चिमट्यावर. "घाई करू नकोस. श्वास सोडत चढ."

दुसऱ्या मजल्याला मांड्या पेटल्या. शिसं प्रत्येक पायरीला मागे ओढत होतं, जणू कोणी खालून विजार धरून लोंबकळतंय. दीपगृहाच्या पायऱ्या तो रोज चढायचा, पण ते नुसत्या हाडांनिशी. त्याला पहिल्यांदाच कळलं, की आपल्या अंगातलं गेलेलं वजन परत अंगावर घेतलं तर आपले पाय ते पेलू शकत नाहीत. एवढं वजन वाहणारं मांस आता तिथं उरलंच नव्हतं. त्याला भीती वाटली, खरीखुरी.

"नाडी फार वर चाललीय," सिन्ने म्हणाली. तिच्या आवाजातली मस्करी गेली होती. "रोज चढतोस ना? आज झालंय काय तुला?"

"बोलू नको. चढू दे."

आणि नेमकं तेव्हाच त्याला ते आठवलं. मागच्या वजनाच्या दिवशी, घरी जाताना बोटीत चढता चढता, उजव्या खिशाची शिवण कुरकुरली होती. अर्धी उसवलीच होती. संध्याकाळी विजार खिळ्याला लावताना तो स्वतःशी म्हणाला होता, उद्या शिवून टाकू. मग उलट्या सुरू झाल्या आणि ते राहूनच गेलं. आज अंधारात त्याने बघितलं नाही, आणि वर आणखी एक तुकडा भरला.

उरलेला दोरा आता कुठल्याही पायरीला तुटणार. शिसं विजारीतून घसरून घोट्याशी येणार आणि या दगडी जिन्यावरून खणखणत तळमजल्यापर्यंत जाणार. सिन्ने बघणार, नर्स बघणार. वर कठड्याशी उभी असलेली तूरिद बघणार. त्याने उजवा तळवा मांडीवर दाबून धरला आणि तसाच चढू लागला.

"मांडीत गोळा आला का?"

"नाही."

"मग हात का धरलायस?"

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने कमरेशी पँट सावरल्यासारखं केलं आणि हात आत घातला. खिशाची कड चाचपली. उसवलेली जागा सापडेना. त्याने बोट पुढं नेलं, मागं आणलं. शिवण सलग होती. त्याचे स्वतःचे टाके ओबडधोबड, गाठी गाठींचे. हे बारीक होते, एकाला एक लागून, लोकरीच्या धाग्याचे, आणि कोपऱ्यावर फुली. ती फुली त्याने डोळे मिटूनही ओळखली असती. हातमोज्याचा अंगठा निघू नये म्हणून तूरिद तिथं तशी फुली घालते. त्याच्या प्रत्येक हातमोज्याला, चाळीस हिवाळे.

त्याचे पाय चढतच होते. वर आणखी एकच मजला. तूरिद कठड्यावर वाकून उभी होती, त्याचं जाकीट छातीशी धरून. तिचा चेहरा बंदरात वादळाच्या दिवशी उभ्या असलेल्या बायकांचा असतो तसा होता.

तिला माहीत होतं. अंडं खाल्लंस का विचारताना माहीत होतं, काट्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघताना माहीत होतं. तीही हिल्मारच्या दफनाला उभी होती. तिनेही तोच शब्द ऐकला होता. आपण तिला भीती वाटू नये म्हणून लपवत होतो, आणि ती आपलं बिंग फुटू नये म्हणून एकटी बसून सुईत धागा ओवत होती.

मग त्याच्या डोक्यात पुढचं आलं, आणि ते आल्यावर त्याला चढवेना. गुरुवारी आपण टेबलावरून उठलोच नाही, तर आपलं काय, आपण सुटू. ही बाई उरलेलं आयुष्य त्या स्वयंपाकघरात बसून म्हणत राहील, की मी ते टाके घातले नसते तर.

दम होता. रेटलं असतं तर तो पोहोचला असता वर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो थांबला.

"थांबू नकोस," सिन्ने म्हणाली. "सिग्वाल्ड, दहाबारा पायऱ्या राहिल्यात. चल."

"सिग्वाल्ड," वरून तूरिद म्हणाली. "ये ना."

तो पायरीवर बसला. बोटाचा चिमटा काढून सिन्नेच्या हातात दिला. मग, बायामाणसांसमोर कधी केलं नसतं ते, त्याने विजारीत हात घातला, पिन काढली आणि शिशाचा पहिला तुकडा शेजारी दगडावर ठेवला. मग दुसरा. मग डाव्या खिशातले. वर तूरिदने जाकिटात तोंड लपवलं.

"आता माझं वजन करा," तो म्हणाला.

काट्याने सहासष्ट दाखवले. विग्दिस आली, तिने आकडा बघितला, टेबलावर मांडलेली शिसं आणि शेजारी काढून ठेवलेली विजार बघितली आणि शिशाचा एक तुकडा हातात घेऊन तोलला. ती ओरडली असती तर सिग्वाल्डला बरं वाटलं असतं.

"तुला मी काय वाटले रे?" ती शेवटी म्हणाली. "बाजारातली मासळीवाली? काट्यावर अंगठा ठेवून फसवायला?"

"मला वाटलं, तू पुढं ढकलशील."

"केमोच्या औषधाचं माप मी तुझ्या वजनावरून काढत होते. गुरुवारी भूलही त्याच मापाने दिली असती. पण ते राहू दे. वजन टिकलंय असं काटा सांगत होता, म्हणून मी तुला नाकातून नळी घातली नाही. जानेवारीतच घातली असती. तू उपाशी मरत होतास आणि आम्ही म्हणत होतो, छान टिकवलंय." तिने विजार दोन बोटांनी उचलली. "आणि अशा उपाशी अंगाने वल्हवत होतास दोन दोन तास."

"व्यायाम करायला तुम्हीच सांगितलं होतं."

"खाऊन," सिन्ने मध्येच म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला राग आला होता. "खाऊन करायला सांगितला होता, बोकडा. न खाता केलास तर अंग आपलंच मांस जाळतं. चुलीत लाकूड नाही म्हणून तू घराचे वासे घातलेस."

विग्दिस शिवण निरखत होती. तिचा धंदाच टाक्यांचा. "हे कोणी शिवलं?"

"मी," सिग्वाल्ड म्हणाला.

विग्दिसने त्याच्या जाडजूड बोटांकडे बघितलं.

"मी," तूरिद म्हणाली. "शिवण उसवली होती. मी घट्ट केली." आणि मग, अख्ख्या हिवाळ्यात न बोललेली ती बाई बोलायला लागली. "जानेवारीत मांजर होडीघरात अडकलं म्हणून गेले, तर ही लटकत होती. हातात घेतली तर एवढी जड. त्याच दिवशी तुला फोन करणार होते. फोन हातात होता. पण तो आदल्या दिवशी इथून हसत घरी आला होता, वजन टिकलं म्हणून. कितीतरी आठवड्यांनी हसला होता. मी फोन ठेवून दिला. मग गेल्या खेपेनंतर शिवण गेलेली दिसली, आणि मला वाटलं, हे इथं सगळ्यांसमोर पडलं तर याचा हिल्मार होणार."

सिग्वाल्डने टेबलाखालून तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

"म्हणजे पुढं ढकललं," तो म्हणाला.

"हो. पुढं ढकललं." विग्दिसने तो शब्द तसाच उच्चारला, मऊ करून नाही. "नळी आजच घालायची. रात्रभर पोटात अन्न जाईल, दिवसा तोंडाने जमेल तेवढं. होडी बंद नाही, पण अर्धा तास, आणि दीपगृह सध्या विसर. सिन्ने सांगेल तेच व्यायाम, ताकदीचे, आणि प्रत्येकानंतर खाणं. तीन आठवड्यांनी पुन्हा काटा. सत्तर भरलं तर कापीन, नाही भरलं तर तेव्हाही नाही म्हणेन."

"तारीख?" तूरिदने विचारलं.

"ती तेव्हा..."

"हिल्मारला तारीख दिली नव्हती," तूरिद म्हणाली. "नुसतंच पुढं ढकललं होतं. आम्हाला तारीख पाहिजे."

विग्दिसने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "सोळा एप्रिल. गुरुवार. सकाळी पहिला नंबर."

दारातून बाहेर पडताना सिन्नेने त्याला गाठलं. "खरं सांग. थांबला नसतास तर पोहोचला असतास वर?"

"असतो."

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. "पाय चांगले आहेत. त्यांना जेवायला घाल."

परतीच्या बोटीत सिग्वाल्ड खिडकीशी बसला, नाकातून निघालेली नळी गालावर चिकटपट्टीने लावलेली. बेटावरचे ओळखीचे दोघेजण पलीकडे बसले होते. त्यांनी नळी बघितली आणि नजर वळवली. उद्या अख्ख्या धक्क्याला कळणार होतं. कळू दे. त्याला लाज वाटत होती, पण सकाळपेक्षा कमी.

तूरिदची पर्स तिच्या पायांशी होती. एरवी ती मांडीवर घेऊन बसते, पण आज शिसं तिच्यात होती.

"दे ती इकडे," तो म्हणाला. "समुद्रात फेकून देतो. पुन्हा डोळ्यांसमोर नकोत."

"फेकायची नाहीत."

"का? आठवण म्हणून ठेवायची?"

"सप्टेंबरात जाळ्याला लागतील."

"सप्टेंबरात जाळं कोण टाकणार आहे?"

तूरिदने मांडीवरच्या पिशवीतून सकाळचं विणकाम काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. सिग्वाल्डने आता पहिल्यांदा ते नीट बघितलं. होडीत घालायचा जाड हातमोजा होता, त्याच्या मापाचा. एक पुरा झाला होता, अंगठ्याच्या कोपऱ्यावर फुली घातलेला. दुसरा अजून सुयांवर होता.

"हात दे," ती म्हणाली. "तुझी बोटं बारीक झालीत. पण मी जुन्याच मापाचा विणतेय."

त्याने हात पुढे केला. हातमोजा सैल बसला, बराच सैल. त्याने तो काढला नाही. बेट दिसेपर्यंत तो तसाच हातात घालून बसला, आणि तूरिद दुसरा विणत राहिली.